पावसाळी पशुखाद्याला लवंग-दालचिनीचा अर्क: काय, किती आणि कुठल्या क्रमाने

जून लागला की तीच तक्रार कानावर येते. लवंगेचा काढा केला, पेंडीच्या पोत्यावर नीट शिंपडला, तरी आठ-दहा दिवसांत आतून ढेकळं झाली आणि कुबट वास सुटला, म्हणजे हे झाडपाल्याचं सगळं बोगस आहे. बोगस नाही हो, हिशोब करून बघा. 50 किलोच्या पोत्यात 11 टक्के ओलावा असेल तर आत साडेपाच किलो पाणी आधीच आहे. त्यावर तुम्ही दोन लिटर काढा मारला की साडेसात किलो झालं, ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला, आणि बाहेर आपल्या गोव्यातली जुलैची हवा. लवंगेने बुरशीला एक थप्पड दिली आणि मागोमाग पाण्याने तिला पाटावर जेवायला बसवलं.

चूक बहुतेक वेळा अर्कात नसते, क्रमात असते. आधी सुकवणं, मग निवडणं, मग अर्क, मग मिसळणं, मग साठवण. यातला एक टप्पा पुढे-मागे झाला की पुढचं सगळं फुकट, म्हणून खाली जसं लिहिलंय त्याच ओळीने करा.

आधी एवढं डोक्यात फिट करा

लवंग, दालचिनीचं पान, ओवा, तुळस, हळद यांच्यातले पदार्थ (लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल वगैरे) नवीन बुरशी वाढू देत नाहीत किंवा तिचा वेग कमी करतात. पण बुरशीने आधीच सोडलेलं विष ते काढून टाकत नाहीत. पिवळसर-हिरवी बुरशी, अस्परजिलस फ्लेवस नावाची, ती जे अफ्लाटॉक्सिन सोडते ते उन्हात ठेवून पुरतं जात नाही, पेंड शिजवून जात नाही, दूध उकळून तर अजिबात जात नाही, त्याला मोडायला सव्वादोनशे अंशांच्या वर तापमान लागतं आणि तेवढ्यात तुमच्या पेंडीचा कोळसा होईल.

आणि हे विष गाईच्या पोटात राहून गप्प बसत नाही. खाद्यातलं बी-1 (अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यात विषारी प्रकार) गाईच्या लिव्हरमध्ये बदलून एम-1 होतं आणि दिवसभरात दुधात उतरतं. खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दुधातलं प्रमाण खाली येतं, म्हणजे चूक वेळेत पकडली तर सुटका आहे. तयार पशुखाद्यात बी-1 ची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम, आणि दुधात एम-1 ची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम. हे आकडे डोळ्यांना दिसणारे नाहीत, वासाने कळणारे नाहीत. पेंड स्वच्छ दिसते म्हणून स्वच्छ असेलच असं नाही, उलट बुरशी दिसतेय म्हणून विष असेलच असंही नाही, पण दिसली तर धोका धरूनच चालायचं.

टप्पा 1: वेळ आणि सामान

पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी घरात भरून ठेवायच्या सामानाची) खरेदी चालू असते तेव्हाच, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, हे सगळं आटपा. मिरची, आमसुलं, सुकी मासळी भरून ठेवतो तेव्हाच्याच उन्हात पेंड-भरड्याचं काम करून टाकायचं. पाऊस सुरू झाल्यावर अर्क करायला बसलात तर सुकवणार कुठे?

सामान फार नाही. ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा (अंदाजपंचे चमचा चालणार नाही, खरंच नाही), काचेची झाकणाची बरणी, सुती फडका, जाड स्वच्छ ताडपत्री, गव्हाचा कोंडा, कोरडे डबे किंवा ड्रम, मार्कर पेन, मास्क आणि हातमोजे. मास्क दाखवायला नाही, बुरशीची भुकटी नाकात गेली की दम्याच्या माणसाची हालत होते.

एका वेळी किती करायचं? जास्तीत जास्त एका महिन्याला पुरेल एवढंच. गणेश चवथीपर्यंतचं एकदम करून ठेवतो म्हणू नका, अर्कातला वास देणारा भाग उडून जातो आणि उरतो नुसता कोंडा.

टप्पा 2: कुठलं खाद्य किती धोक्याचं

मका, भुईमुगाची पेंड आणि सरकीची पेंड या तिघांवर अफ्लाटॉक्सिनचा धोका सगळ्यात जास्त, यांच्यावर लक्ष ठेवा. आपल्याकडे खोबऱ्याची पेंडही चालते, घाण्याची असेल तर तेल जास्त राहतं, त्यामुळे खवट होते, आणि खोबरंच नीट न सुकवता गाळलेलं असेल तर बुरशी घाण्यापासूनच सोबत येते. भाताचा कोंडा तर दळून आणल्यापासून काही दिवसांतच खवट व्हायला लागतो. बिअरचा गाळ ओला असतो, त्याला कुठलाही अर्क लावून ठेवायच्या भानगडीत पडू नका, दोन-तीन दिवसांत संपवायचा किंवा आणायचाच नाही.

घाटावरून येणारा पेंढा ट्रकमध्ये भिजलेला असू शकतो. गठ्ठा बाहेरून कोरडा आणि मधे हात घातला तर गरम, असा असेल तर उतरवूनच घेऊ नका. गरम लागतोय म्हणजे आत काम चालू आहे.

टप्पा 3: ओलावा मोजा, मग सुकवा

दाण्यासाठी (मका, ज्वारी) मिठाची चाचणी सोपी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश दाणे, त्यात दोन-तीन चमचे मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ बाटलीच्या काचेला चिकटून राहिलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. पण आपल्या गोव्यात एक गंमत होते, मीठच ओलं असतं, डब्यातलं मीठ काढून सरळ वापरलं तर कोरडा मकासुद्धा नापास होतो. तव्यावर मीठ तडतडेपर्यंत भाजा, झाकून थंड करा, मगच वापरा. आणि मीठ चिकटलं नाही याचा अर्थ 15 च्या खाली एवढाच, आपल्याला साठवायला दाणा 12 च्या आसपास हवा, तयार खाद्य 11 च्या आत.

पेंड किंवा भरड्याला ही चाचणी जमत नाही. तिथे 100 ग्रॅम बारीक करून घरच्या ओव्हनमध्ये 105 अंशांवर ठेवा, दर तासाने वजन करा, वजन उतरायचं थांबलं की थांबा. 100 चे 88 झाले तर ओलावा 12. तव्यावर करू नका, तळाला करपतं आणि करपलेलं वजन तुम्ही ओलाव्यात मोजता.

सुकवायचं ताडपत्रीवर, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, तासातासाने उलटा. शेणाने सारवलेल्या खळ्यावर सरळ पसरू नका, ओल आणि जंतू दोन्ही खालून येतात. संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी गोळा करा, दव पडायची वाट बघू नका. गोळा केलेलं खाद्य गरम असतं, तसंच ड्रममध्ये भरलं तर झाकणाच्या आत पाणी धरतं आणि ते पाणी वरच्या थरावर टपकतं, तेव्हा सावलीत तासभर पसरून थंड करा.

सावध: पावसात सुकवायची वेळ आलीच तर बंद खोलीत पंखा लावून पातळ थर द्या, पण कपडे वाळत घातलेल्या खोलीत नको. लोक हमखास हेच करतात.

टप्पा 4: निवडा आणि टाकून द्या

ढेकळं, काळे-हिरवे-पिवळे डाग, पोखरलेले दाणे, किडे, कुबट वास, जाळं. काढा. मक्यात फुटलेले आणि आक्रसलेले दाणे चाळणीने वेगळे केले तर बराच धोका तिथेच कमी होतो, कारण विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याशा दाण्यांत खच्चून असतं.

पोत्याचा बराच भाग लागलेला असेल तर पूर्ण पोतं बाद. इथे मोह होतो, मला माहीत आहे, पोत्याला पैसे पडतात. पण चांगल्या पेंडीत थोडं थोडं मिसळून खपवणं, उकळून डुकराला घालणं, कोंबड्यांपुढे टाकणं, हे तिन्ही प्रकार बंद करा. कोंबड्या आणि विशेषतः बदकाची पिल्लं अफ्लाटॉक्सिनला गाईपेक्षा जास्त नाजूक असतात. बाद खाद्य गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा.

तपासा: या टप्प्यानंतर हातात असलेलं खाद्य कोरडं, थंड, सुटं आणि खमंग वासाचं आहे का? नसेल तर अर्काची बरणी उघडूच नका.

टप्पा 5: वनस्पती निवडताना

लवंग सगळ्यात दमदार. प्रयोगशाळेत भातावर केलेल्या चाचणीत किलोमागे 5 ग्रॅम लवंगेने बुरशीची वाढ आणि विष दोन्ही थांबलं होतं, तेवढ्याच प्रमाणात हळद, लसूण आणि तुळशीने चांगला पण अर्धवट परिणाम दिला. मात्र लवंगेचा भाव बघता सगळ्या पोत्यांना 5 ग्रॅम लावणं कुणाला परवडणार नाही, आणि दुभत्या गाईच्या पोटात रोज तेवढी लवंग जाऊ देणंही शहाणपणाचं नाही, त्याचं पुढे सांगते. माझं मत असं की लवंग कमी आणि दालचिनीचं पान जास्त. फोंड्याकडे सावईवेरे-केरीच्या कुळागरांत (माड-पोफळीच्या बागांत) दालचिनीची झाडं आहेतच, साल काढून विकतात आणि पानं तशीच पडतात. खऱ्या दालचिनीच्या पानाच्या तेलात मुख्य घटक युजेनॉलच असतो, म्हणजे लवंगेचाच भाऊ.

तुळस आणि हळद मदतीला चांगल्या. हळद आख्खी आणून घरी दळा, सुट्या हळदीत रंगाची भेसळ असते आणि ती गुरांच्या पोटात घालायची नाही. लसूण चिरडल्यावरच त्याचं औषधी तत्त्व तयार होतं आणि ते लवकर मोडतं, वर दुधाला वास लागतो, तेव्हा दुभत्याला नकोच. कडुलिंबाची आणि निर्गुडीची सुकी पानं पोत्याच्या थरांमध्ये किड्यांसाठी ठेवा, खाद्यात दळून घालू नका, कडू लागलं की गाय गव्हाणीला तोंडच लावत नाही. आमसुलं किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालून बघू का असंही लोक विचारतात. नको. मीठ लावलेली सोलं हवेतलं पाणी ओढतात.

सावध: रानात उगवतं म्हणून औषधी, असं नसतं. घाणेरी, रानमोडी, कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, यातलं काहीही खाद्याजवळ आणायचं नाही. घाणेरीने गुरांचं लिव्हर जातं आणि उन्हात कातडी सोलवटते. पाला गोळा करायला मजूर किंवा मुलं पाठवत असाल तर गोणी स्वतः ओतून एकदा हाताने चाळा.

पानं सावलीत सुकवा. कडक उन्हात सुकवली की वासाबरोबर कामाचा भागही उडाला. हातात चुरडल्यावर कडकडून मोडली पाहिजेत, वाकत असतील तर अजून ओली आहेत.

टप्पा 6: अर्क तयार करा

तीन पद्धती आहेत, तिन्ही एकाच वेळी करायच्या नाहीत. आपल्याला जमेल ती एक धरा.

पद्धत क: सुकी पूड. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. सुकलेली दालचिनीची पानं आणि तुळस समसमान, त्यात दहावा हिस्सा हळद, मिक्सरला बारीक करून चाळा. मिक्सर गरम होऊ देऊ नका, थांबत थांबत फिरवा. खाद्याच्या किलोमागे 5 ग्रॅम, म्हणजे 50 किलोला 250 ग्रॅम. पाणी नाही, दारू नाही, चुकायला जागा कमी.

पद्धत ख: फेणीतला अर्क. युजेनॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं, आणि काजूच्या फेणीत साधारण 42 टक्के अल्कोहोल असतंच, तेव्हा आपल्याकडे हे द्रावण शोधायला लांब जावं लागत नाही. हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) चालणार नाही, पातळ पडतो. मसाला किंवा साखर घातलेली फेणीही नको.

100 ग्रॅम लवंग जाडसर कुटा, अगदी पीठ नको. काचेच्या बरणीत घालून वर 500 मिली फेणी. घट्ट झाकण, अंधारी जागा, सात दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ हलवा. आठव्या दिवशी फडक्यातून पिळून गाळा. रंग गडद तपकिरी आणि झाकण उघडताच लवंगेचा झणका आला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळे घाई करतात ते इथेच. हा अर्क खाद्यावर मारायचा नाही. आधी 1 किलो गव्हाचा कोंडा कढईत मंद आचेवर हलकासा भाजा, थंड करा, परातीत पसरा आणि त्यावर अर्क थोडा थोडा ओतत हाताने चोळा. 500 मिली फेणीत निम्म्याहून जास्त पाणीच आहे, ते जायला हवं. वारा लागेल अशा सावलीत पातळ पसरून ठेवा, अधूनमधून हलवा. सुकवायच्या आधी परातीसकट वजन करा, सुकल्यावर परत करा. कोंडा परत 1 किलोच्या थोडाच वर आला, मुठीत दाबला तर गोळा न होता सुटला, आणि दारूचा वास जाऊन लवंगेचा राहिला, की झालं. दारूचा वास येत असेल तर अजून वेळ आहे.

सावध: फेणी पेट घेते. चूल, गॅस, देवापुढची समई, विडी, यातलं काहीही त्या खोलीत नको. आणि बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा, घरातला कुणीतरी वास घेऊन चाखून बघणारच.

भाताचा कोंडा घेतला तर चालेल का? ताजा असेल आणि नीट भाजला असेल तर चालतो, शिळा असेल तर अर्कापेक्षा खवटपणाच जास्त मिसळाल.

पद्धत ग: विकतचं लवंग तेल. खाण्याच्या दर्जाचं शुद्ध तेल घ्या, अगरबत्तीच्या दुकानातलं सुगंधी तेल नाही. 50 किलोला 10 मिली, त्याच्यावर नाही. आधी 100 मिली खोबरेल तेलात मिसळा, मग 1 किलो कोंड्यात चोळा. निव्वळ तेल हाताला आणि जनावराच्या तोंडाला भाजतं, हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. मांजर आसपास असेल तर तिच्यापासून लांब, मांजरांना हे तेल सोसत नाही.

आणि काढा? काढा पूर्ण वाईट नाही. रोज पेंड कोमट पाण्यात भिजवून घालता ना, त्या पाण्यात चालतो. उकळत्या पाण्यात पूड टाकून झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, उघडं ठेवून खळखळ उकळलं तर घर घमघमतं आणि भांड्यात काही उरत नाही. भिजवलेली पेंड लगेच खायला घाला. रात्री भिजवून सकाळी घालायची सवय पावसाळ्यात सोडा.

टप्पा 7: मिसळणं

1 किलो अर्काचा कोंडा 50 किलो खाद्यात एकदम ओतून फावड्याने दोन हात मारले तर एका गाईला सगळा अर्क आणि दुसरीला काहीच नाही. दुपटीने वाढवत जा:

1. 1 किलो अर्काचा कोंडा आणि 1 किलो खाद्य, परातीत नीट.
2. झालेल्या 2 किलोत आणखी 2 किलो.
3. मग 4 किलोत 4, 8 किलोत 8, 16 किलोत 16.
4. शेवटी 32 किलोत उरलेलं सगळं, ताडपत्रीवर, ढीग करून बाजू बदलत तीन वेळा.

सुकी पूड वापरत असाल तर ती आधी 1 किलो कोंड्यात मिसळून घ्या आणि तिथून हीच पायरी धरा.

तपासा: पहिल्या पायरीत चमचाभर हळद टाकून ठेवा. शेवटी ढिगाच्या तळातून, मधून आणि वरून मूठभर घेऊन पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीत पिवळी छटा सारखी दिसली पाहिजे. एकात गडद आणि एकात काहीच नाही तर परत ढीग मारा.

गोळी पेंडीचं काय, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. गोळीला पूड चिकटत नाही, पोत्याच्या तळाशी जाऊन बसते. दोन उपाय. पहिला, 50 किलो गोळीवर 200 मिली खोबरेल तेल हाताने हलकं फिरवून मग अर्काचा कोंडा मिसळायचा, पण हे पंधरा दिवसांत संपवायचं कारण तेल खवटतं. दुसरा, कोंडा वेगळा डब्यात ठेवून रोज खुराक देताना वरून टाकायचा. दुसऱ्यात पोत्यातल्या गोळीला संरक्षण मिळत नाही हे ध्यानात ठेवा, तिथे मग साठवणीवरच भिस्त. काकवीने चिकटवायचा विचार मनात आला असेल तर सोडा, काकवी म्हणजे परत पाणी आणि साखर.

टप्पा 8: जनावराला सवय

पद्धत ख च्या प्रमाणात एका किलो खाद्यात 2 ग्रॅम लवंगेचा अंश येतो. 4 किलो खुराक खाणाऱ्या गाईच्या पोटात रोज 8 ग्रॅम. मी एवढ्यावर थांबा म्हणते त्याचं कारण गाईच्या पोटातच चारा पचवणारे जंतू राहतात आणि लवंगेला चांगले-वाईट जंतू ओळखता येत नाहीत. जास्त घातलं की रवंथ मंदावते, खाणं कमी होतं, दूध उतरतं. थोड्याने चांगलं तर जास्तीने आणखी चांगलं, हा हिशोब इथे उलटा पडतो.

पहिले तीन दिवस चौथा हिस्सा, पुढचे तीन दिवस अर्धा, मग पूर्ण. एकाच जनावरापासून सुरू करा, सगळ्या गोठ्याला एकदम नको. दूध पिणारं वासरू, शेवटच्या महिन्यातली गाभण गाय, आजारी किंवा औषध चालू असलेलं जनावर, यांना तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. गव्हाणीत खाद्य शिल्लक राहतंय का, शेण पातळ झालंय का आणि रोजचं दूध किती, एवढं वहीत लिहा. दुधाला लवंगेचा वास यायला लागला तर प्रमाण अर्धं करा, दूध संस्थेत कुणी नाक मुरडायच्या आधी.

टप्पा 9: साठवण

इथे सगळी मेहनत वाचते किंवा पाण्यात जाते, अक्षरशः. चिऱ्याची भिंत पावसात पाणी शोषते. पोतं भिंतीला टेकवलं की त्या बाजूला चार बोटांचा थर आठवड्यात ओला होतो, बाहेरून काहीच दिसत नाही, हात घालाल तेव्हा गार लागतं. पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब. पत्र्याचं छप्पर असेल तर पहाटे पत्र्याच्या आतून थेंब गळतात, पोत्यांवर ताडपत्री अंतर ठेवून बांधा, गुंडाळू नका, गुंडाळलं की आत घाम धरतो.

आठवड्याला लागेल एवढंच खाद्य झाकणाच्या ड्रममध्ये काढा, बाकी पोती बंद. ओल्या हाताने, ओल्या तांब्याने खाद्य काढायचं नाही, ड्रममध्ये एक कोरडं भांडं कायम ठेवून द्या. पोत्यावर मार्करने दोन तारखा लिहा, खाद्य कधी आलं आणि अर्क कधी लावला. जुनं आधी संपवा. ड्रम रिकामा झाला की तळाची भुकटी झटकून, धुऊन, पूर्ण सुकवून मगच नवीन भरा, कारण जुन्या भुकटीवर नवीन ओतलं की बुरशीला बियाणं तुम्हीच दिलंत. उंदरांचा बंदोबस्त वेगळा करा, त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो आणि त्यावर लवंगेचा काही उपयोग नाही.

दर चार-पाच दिवसांनी पोत्याच्या मध्यापर्यंत हात घाला. गरम, गार-ओलं किंवा ढेकूळ लागलं तर ते पोतं वेगळं काढा. वरून परत अर्क शिंपडून वाचवायचा प्रयत्न करू नका, तो वेळ निघून गेलेला असतो.

शंका आली तर

गाय खात नाही, दूध अचानक घटलं, शेण बिघडलं, कातडीची चमक गेली, वासरं खुरटली, कोंबड्या मरगळल्या, यातलं काही दिसलं तर आधी ते खाद्य बंद, मग डॉक्टर. अर्क वाढवून बघूया हा प्रयोग नको.

नमुना तपासायला द्यायचा असेल तर एकाच जागेची मूठभर पेंड नेऊ नका, विष ठिपक्याठिपक्याने असतं, तुमची मूठ नेमकी स्वच्छ जागेची निघाली तर रिपोर्ट खोटा दिलासा देईल. पोत्याच्या वेगवेगळ्या दहा-बारा जागांतून, तळ-मध्य-वर, काढून एकत्र करा, त्यातलं साधारण किलोभर कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकची पिशवी नको, वाटेतच त्यात बुरशी वाढते. पिशवीवर खाद्याचं नाव, तारीख आणि अर्क लावलाय की नाही हे लिहा. कुठे पाठवायचा ते गुरांच्या दवाखान्यात विचारा, जुन्या गोव्यात एला इथे कृषी संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही सल्ला मिळतो.

रिपोर्टमध्ये विष निघालं तर त्याच्यावर इलाज अर्काचा नाही. विष पोटात बांधून ठेवणारी बेंटोनाइटसारखी माती किंवा यीस्टच्या पेशींपासून केलेली पावडर मिळते, ती कुठली आणि किती ते डॉक्टर ठरवतील. पुढचं पोतं आणताना दुकानदाराकडे पोत्यावरची तयार केल्याची तारीख बघा, शिवण ओली किंवा डागाळलेली असेल तर परत करा, आणि टप्पा 3 पासून सुरू करा.